जिन्याचं कुलूप काढा

प्रति,
इमारती, कार्यालयं, शाळा आणि रुग्णालयं ज्यांच्या सहीने चालतात त्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी चौथ्या मजल्यावर काम करते. आमच्या इमारतीला जिना आहे हे मला नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं. एका दुपारी वीज गेली, दोन्ही लिफ्ट थांबल्या आणि सुरक्षारक्षकाने किल्ल्यांचा जुडगा आणून मागच्या बाजूचं एक राखाडी दार उघडलं. आत काळोख, कुबट वास. पहिल्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्या आणि कागदांची खोकी रचलेली. मोबाइलच्या उजेडात, भिंतीला हात लावत आम्ही पंधरा-वीस जण खाली उतरलो. तासाभराने वीज आली, लिफ्ट सुरू झाल्या आणि त्या दाराला पुन्हा कुलूप लागलं.

त्याच्या आदल्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की बैठं काम फार होतंय, जमेल तिथे जिना चढत जा. म्हणून मी अर्ज केला: कुलूप काढावं, खोकी हलवावीत, दिवे लावावेत. उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जावर ‘सुरक्षेच्या कारणाने शक्य नाही’ असं तोंडी सांगितलं गेलं. तिसऱ्या अर्जानंतर काही आठवड्यांनी लिफ्टच्या शेजारी एक पोस्टर लागलं. हिरवी पानं, धावणारी माणसं आणि खाली मजकूर, की रोजच्या जगण्यात लहान बदल करा, निरोगी राहा, पृथ्वी वाचवा. लावणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण लिफ्टची वाट बघत ते पोस्टर वाचताना माझे डोळे भरून आले, कारण माझ्या अर्जात मी नेमकं तेच मागितलं होतं.

हे पत्र त्या कुलपामुळे लिहिते आहे. पण वाचणारे तुम्ही पुष्कळ आहात आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्या हाताशी असं एखादं कुलूप असणार. म्हणून हे उघड लिहिते.

तुम्ही आम्हाला लहान बदल करायला सांगता. ते करायची आमची तयारी आहे, खरंच आहे. मात्र दिवसातले आठ-दहा तास आम्ही ज्या जागेत घालवतो, तिथला जिना कुठे आहे, नळ कधी दुरुस्त होतो, एसी किती अंशांवर चालतो, फाटकासमोर गाड्या कुठे थांबतात, हे आम्ही ठरवत नाही. तुम्ही ठरवता. लहान बदल टिकतो की विरून जातो, हे बरंचसं तिथेच ठरतं.

पायऱ्यांपासूनच सुरुवात करते, कारण त्यांच्यामागे एक मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार का वाढतो आहे याचा शोध जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर घेत होते. त्यांनी निरीक्षणासाठी लंडनच्या दुमजली बस निवडल्या. प्रत्येक बसमध्ये दोन माणसं, एक चालक आणि एक वाहक. दोघं साधारण एकाच थरातले, एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यावर. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटं देत खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला: वाहकांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर बहुधा उशिरा आणि सौम्य होतो. पुढे मॉरिस यांनी आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी केली. त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या, तेव्हा दिसलं की चालक मुळातच कमरेने जास्त रुंद होते. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हतं. पण टपाल खात्यातही पत्रं वाटत हिंडणारे आणि टेबलाशी बसणारे यांच्यात त्यांना तसाच फरक आढळला होता. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत शरीराच्या हालचालीचा फायदा इतक्या ठिकाणी, इतक्या तऱ्हांनी दिसून आला आहे, की आता त्यावर वाद उरलेला नाही.

मला या गोष्टीत आणखी एक दिसतं. त्या वाहकांना पायऱ्या चढण्यासाठी कुणी शपथ दिली नव्हती. निरोगी राहायचं ठरवून ते चढत नव्हते. जिना त्यांच्या कामाच्या वाटेवर होता, एवढंच.

पूर्वी सल्ला असा असे, की व्यायाम सलग किमान दहा मिनिटं केला तरच धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी आणि ती कशीही, तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालेल. म्हणजे चार मजले चढायला लागणारी दीड-दोन मिनिटंही आता हिशेबात येतात. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. हे सगळे आळशी आहेत असं मी मानत नाही. मीही त्यांच्यातलीच आहे. त्यांच्यातल्या कितीजणांच्या वाटेवर राखाडी दार आहे, हे कुणीतरी मोजायला हवं.

आता जिना सोडून प्रिंटरच्या कोपऱ्यात चला. मी जिथे काम करते तिथे प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा.’ प्रिंटरची आपोआप निवड मात्र एका बाजूची. दर वेळी तीन ठिकाणी बोट लावून ती बदलावी लागते. घाईत कोण बदलणार? पाठकोऱ्या कागदांचा ढीग रोज वाढतो. स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात दोन अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. काही विभागांना कागद वाचवण्याचं नैतिक आवाहन केलं. त्याने काहीच फरक पडला नाही. दुसरीकडे प्रिंटरची आपोआप निवड दोन बाजूंची करून ठेवली. ज्याला एकच बाजू हवी त्याने ती निवडावी, सक्ती कुणावर नाही. कागदाचा रोजचा वापर १५ टक्क्यांनी उतरला आणि पुढेही उतरलेलाच राहिला. माणसं तीच होती, त्यांचं मन तेवढंच चांगलं किंवा तेवढंच बेफिकीर होतं. संगणकावर एकदा बदललेल्या एका खुणेने ते काम केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हलकं वाटलं. इतकी वर्षं मी माझ्याच इच्छाशक्तीवर रागावत होते.

सवयीबद्दलही असंच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात प्रत्येकाने एक साधी सवय निवडली, जेवताना पाणी पिणं किंवा रात्री जेवणाआधी थोडं धावणं अशी, आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते पाहिलं गेलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मात्र सवय रुजते ती ठरावीक खुणेला धरून. तीच वेळ, तीच जागा, तोच प्रसंग. जिना एका दिवशी उघडा, दोन दिवस बंद, मग रंगकामासाठी आठवडाभर बंद, असं चाललं तर धरायला खूणच उरत नाही. माणूस तिसऱ्यांदा बंद दाराशी गेला की चौथ्यांदा जात नाही. मग आपण म्हणतो, लोकांना सवयच नाही.

तुमच्यातलं कुणी मनात म्हणेल, की बाई, आधी स्वतःच्या घरात काय करता ते सांगा. सांगते. किटलीत हवं तेवढंच पाणी उकळते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ०.०९ युनिट वीज लागते आणि तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दहा तास चालतो. पाणी तापवणं किती महाग असतं हे त्या एका हिशेबाने मला कळलं, म्हणून कपडेही शक्यतो थंड पाण्यातच धुते. कामाला जाताना शेवटचे दोन थांबे चालत जाते. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी आधी संपवते, मगच नवं करते. नळ गळायला लागला की त्याच दिवशी वायसर बदलते. काम पंधरा मिनिटांचं असतं.

कार्यालयातल्या हात धुण्याच्या जागेतला नळ मात्र आठ महिने गळत होता. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाचं पाणी वीस लिटरच्या आसपास जातं. आठ महिन्यांचा हिशेब पाच हजार लिटरच्या घरात गेला. मी पाना घेऊन तो दुरुस्त करू शकले असते, हात लावायची परवानगी नव्हती. तक्रारवहीत चार वेळा लिहिलं. घरी मी पंधरा मिनिटांत जे करते, ते करायला तिथे आठ महिने का लागले, याचं उत्तर माझ्या इच्छाशक्तीत सापडणार नाही.

२०२० साली जग घरात बसलं. विमानं जमिनीवर, रस्ते ओस, कार्यालयं बंद. कुठल्याही मोहिमेने साधला नसता एवढा वागणुकीतला बदल एका वर्षात झाला, तोही नाइलाजाने. त्या वर्षी इंधनं जाळण्यातून होणारं जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. फक्त ५. उरलेलं वीजकेंद्रांत, कारखान्यांत, आपण घरात असतानाही चालू राहणाऱ्या यंत्रणांत होतं. हे सांगण्यामागे ‘मग आपण काहीच करू नये’ असं म्हणायचं नाही. मी किटली अर्धीच भरत राहणार आहे. पण ज्यांच्या सहीने यंत्रणा बदलते त्यांनी किटली भरणाऱ्यांकडे बोट दाखवून थांबू नये, एवढी विनंती आहे. तुमच्या एका सहीत आमच्या शेकडो निश्चयांएवढं बळ असतं.

आता शाळांच्या फाटकांविषयी. हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर गाड्यांची रांग लागते. पालक पंधरा-वीस मिनिटं आधी येतात, जागा धरतात आणि इंजिन चालू ठेवून बसतात. बाहेर ऊन असतं किंवा थंडी, आत यंत्राने हवा सोसवेल अशी केलेली असते. दप्तरं पाठीला लावून मुलं बाहेर पडतात ती थेट त्या रांगेत. लहान मुलाचं नाक मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर असतं, म्हणजे धुराच्या नळीला आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. आणि त्यांची फुप्फुसं अजून घडत असतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना त्या रांगेतून बाहेर येईपर्यंत रोज खोकायची. मला ते दोन वर्षं सर्दीचं वाटत होतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात पाच वस्त्यांमधल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली. १९९० च्या दशकातली मुलं आणि २०१० च्या आसपासची मुलं, अशा वेगवेगळ्या पिढ्या. दरम्यान नियम कडक झाले, गाड्या आणि इंधन सुधारलं, हवा स्वच्छ होत गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हवा जसजशी सुधारली तसतशी ११ ते १५ वयाच्या मुलांची फुप्फुसं अधिक चांगली वाढली. दमा असलेल्या मुलांचीही आणि नसलेल्यांचीही. शाळेत कुणी मुलांना अधिक चांगला श्वास घ्यायला शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी हवा बदलली आणि मुलांच्या छात्या भरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, ती अशाच पुराव्यांच्या आधारावर.

मुख्याध्यापकांनो, शाळांच्या विश्वस्तांनो, तुमच्या फाटकासमोरची पन्नास-शंभर पावलं तुम्ही बदलू शकता. गाड्यांना थांबायची जागा फाटकापासून पाच मिनिटांच्या चालीवर ठरवून द्या आणि तिथून मुलांना रांगेने आणायला रोज दोन मोठी माणसं नेमा. पालक आनंदाने पाळी लावतील, मी माझं नाव आत्ताच देते. मुलांच्या पायांनाही तेवढीच चाल मिळेल. सायकली लावायला छप्पर असलेली जागा द्या, कारण भिजलेल्या बैठकीवर दुसऱ्या दिवशी कुणी बसत नाही. आणि पालकांना एवढंच सांगा, की दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला इंधन कमी लागतं. बहुतेकांचा समज उलटा आहे. माझाही होता.

कार्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या उपाहारगृहांबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं आहे आणि ती आमची जबाबदारी. पण २८ टक्के, म्हणजे पावापेक्षा जास्त, उपाहारगृहं, हॉटेलं, खानावळी, रुग्णालयं, शाळा अशा ठिकाणचं आहे, जिथे वाढायचं माप दुसरं कुणी ठरवतं. फेकलेलं अन्न उकिरड्यावर हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरतो. आमच्याकडे वाढणाऱ्या ताईंना मी एकदा म्हटलं, अर्धंच वाढा. त्या म्हणाल्या, माप ठरलेलं आहे, कमी वाढलं तर मला बोलणी बसतात. त्या ताईंचा काय दोष? अर्धं ताट मागायची सोय ठेवा, हवं असेल तर पुन्हा वाढा, मोठे ट्रे काढून टाका आणि दिवसअखेर खरकट्याच्या बादलीचं वजन करून ते भिंतीवर लिहा. कुणाला नावं ठेवू नका, आकडा तेवढा लिहा. स्वयंपाकघरालाच तो सर्वांत आधी उपयोगी पडेल, कारण किती शिजवायचं हे त्यांना कळेल.

एसीबद्दल सांगते. भर उन्हाळ्यात मी टेबलाच्या खणात स्वेटर ठेवते आणि माझ्या शेजारच्या दोघीही ठेवतात. हे फक्त आमच्याकडे होतं असं मला वाटायचं. २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं, की कार्यालयांतलं तापमान ठरवण्याची प्रचलित पद्धत १९६० च्या दशकातली आहे आणि ती सरासरी पुरुषाच्या शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेवर बेतलेली आहे. स्त्रियांच्या शरीरात ती सहसा कमी तयार होते. म्हणजे आम्हाला थंडीने कुडकुडवण्यासाठी वीज जाळली जाते आहे.

यावरचा मला सर्वांत आवडलेला उपाय जपानमधला आहे. २००५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने कार्यालयांना एसी २८ अंशांवर ठेवायला सांगितलं आणि त्यासोबत कोट-टाय न घालता कामावर यायला सांगितलं. मोहिमेचं नाव ‘कूल बिझ’. अडचण अशी होती, की साहेब कोट-टायमध्ये असताना हाताखालचा माणूस ते कसं काढणार? तेव्हा पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता लोकांसमोर आले, मंत्रीही आले. मग खालपर्यंत कोट उतरले. २८ अंश सगळीकडे सोसतील असं नाही, हवेतल्या दमटपणावर ते अवलंबून असतं, पंखा आहे का यावरही. पण क्रम मला फार शिकण्यासारखा वाटतो. आधी वरच्यांनी स्वतः केलं, आणि नियमही त्याच दिवशी बदलला. आमच्याकडे साहेबांच्या खोलीचा एसी वेगळा आहे. त्यांना आमची थंडी कधी लागतच नाही, म्हणून ती त्यांना सांगावी लागते.

रुग्णालयं चालवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. रॉजर उलरिच या संशोधकांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण थोडे होते, एकाच रुग्णालयातले होते, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण झाड लावायचं असेल तर खाटेवरून दिसेल अशा जागी लावायला काय हरकत आहे? उद्घाटनाच्या फोटोसाठी दारात लावलेली रोपं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना पाणी घालायचं काम कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

काही गोष्टी करू नका, अशीही विनंती आहे. शपथा घेऊ नका. आठवडाभराचा उत्सव करून आठव्या दिवशी सगळं पूर्ववत करू नका. ‘पर्यावरणस्नेही’ असं छापलेल्या बाटल्या आणि पिशव्या वाटू नका, आमच्या प्रत्येकीकडे घरी चार-चार पडल्या आहेत. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याचा एक स्वच्छ नळ प्रत्येक मजल्यावर द्या, म्हणजे घरची बाटली भरता येईल. आतापर्यंत जगात फेकलेल्या प्लॅस्टिकपैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला आहे, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांपेक्षा तो नळ जास्त कामाचा. आणि कृपा करून कुणाची किती पावलं झाली याच्या स्पर्धा लावू नका. गुडघे दुखणारी, गरोदर असलेली, मूल सांभाळून रात्रभर जागलेली माणसं त्यात शेवटची येतात आणि मान खाली घालतात.

यावरून जिन्याबद्दलचं एक स्पष्टीकरण. लिफ्ट बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी, म्हाताऱ्यांसाठी, जड सामान नेणाऱ्यांसाठी लिफ्ट चालू हवी आणि चांगली चालायला हवी. जे चढू शकतात ते जिन्याने गेले तर यांची लिफ्टची वाट पाहणं कमी होईल, इतकंच.

सुरक्षेचा मुद्दाही मी गंभीरपणे घेते. आगीच्या वेळी धूर अडवणारी दारं बंदच असायला हवीत, त्यांना वीट लावून उघडं ठेवणं धोक्याचं आहे. पण बंद दार आणि कुलूपबंद दार यांत जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक आहे. ढकललं की उघडतं आणि सोडलं की आपोआप मिटतं असं दार हवं. जिन्यातली खोकी तर एक दिवसही तिथे राहू नयेत. बाहेरच्या माणसाची भीती असेल तर तळमजल्याच्या दाराला ओळखपत्राने उघडणारी कळ लावा, लिफ्टजवळ ती आहेच. त्या दुपारी वीज गेली होती, आग लागली नव्हती. पहिल्या मजल्याच्या वळणावर माझ्या पुढच्या बाईचा पाय खुर्चीत अडकला आणि आम्ही मागच्यांनी तिला धरलं. धूर असता तर आम्ही तिला पाहिलंही नसतं.

खर्चाचं म्हणाल तर एक-एक करून बघा. प्रिंटरची खूण बदलायला काहीच लागत नाही. नळाचा वायसर ही सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. जिन्यात माणूस आला की लागणारे आणि गेला की विझणारे दिवे, भिंतींना पांढऱ्या रंगाचा एक हात, प्रत्येक मजल्यावर मोठा आकडा आणि लिफ्टच्या आधी नजरेस पडेल असा जिन्याकडचा बाण. एवढ्याला थोडा खर्च येईल, पण पोस्टर छापायलाही तो आलाच होता.

या पत्रासोबत मी चौथा अर्ज जोडला आहे. या वेळी त्यावर माझ्यासह बारा सह्या आहेत. एक सही तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकाची आहे. किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली असते ते त्याला माहीत आहे, उघडायचा हुकूम तेवढा नाही. दुसरी सही सफाई करणाऱ्या मावशींची. खोकी हलली तर जिना रोज झाडून काढीन, असं त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या कामाच्या तासांत ते बसवून द्या, वरचं ओझं म्हणून नको.

येत्या सोमवारी सकाळी साडेआठला, काम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, आम्ही बाराही जण त्या राखाडी दारापाशी येणार आहोत. हातमोजे आणि चार विजेऱ्या सोबत आणतो आहोत. खुर्च्या आणि खोकी कुठे न्यायची, एवढं कुणीतरी येऊन सांगावं.

कळावे,

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक कर्मचारी